मधली दहा उड्डाणं

५ मे १९६१ रोजी सकाळी ॲलन शेपर्ड हा अमेरिकी नौदलाचा वैमानिक फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून रेडस्टोन रॉकेटवर बसून आकाशात गेला. सुमारे १८७ किलोमीटर उंची गाठून तो अटलांटिक महासागरात उतरला. सगळा प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा. वजनरहित अवस्था त्यातली पाचेक मिनिटं. पृथ्वीभोवती एक फेरीसुद्धा नाही, नुसतं वर जाणं आणि खाली येणं. माणूस अवकाशात पाठवण्याचा अमेरिकेचा एकूण अनुभव त्या दिवशी एवढाच होता.

वीस दिवसांनी, २५ मे रोजी, अध्यक्ष जॉन केनेडी अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले. हे दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवायचा आणि त्याला सुखरूप परत आणायचा, हे उद्दिष्ट देशानं पत्करावं, असं त्यांनी सांगितलं. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. १८७ आणि ३,८४,०००! हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहिले की मला आजही थक्क व्हायला होतं. अंतराळवीरांच्या उड्डाणांची जबाबदारी ज्यांच्या गटावर होती ते रॉबर्ट गिलरुथ हे ऐकून हादरून गेले होते. आपल्याला काय काय येत नाही, याची यादी त्यांच्याइतकी चांगली कुणाला ठाऊक असणार?

चंद्रविजयाची कथा आपण नेहमी या भाषणापासून सुरू करतो आणि थेट नील आर्मस्ट्राँगच्या पावलावर नेऊन ठेवतो. त्यामुळे मधला भाग झाकला जातो, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच भाग. मार्च १९६५ ते नोव्हेंबर १९६६ या वीस महिन्यांत जेमिनी नावाच्या यानातून अंतराळवीरांची दहा उड्डाणं झाली. एकही चंद्राच्या जवळपास गेलं नाही. पण चंद्राचं स्वप्न आणि शेपर्डची पंधरा मिनिटं यांच्यामधली दरी भरून काढली ती या दहा उड्डाणांनी.

मुळात चंद्रच का निवडला? २० एप्रिल १९६१ रोजी केनेडींनी उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना एक छोटी टिपणी पाठवून विचारलं होतं, की अवकाशात सोव्हिएत संघाला मागे टाकता येईल असं काय आहे? युरी गागारिनला पृथ्वीप्रदक्षिणा करून आठच दिवस झाले होते. रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांनी २९ एप्रिलला दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. जवळची उद्दिष्टं घेतली तर सोव्हिएत आधीच पुढे आहेत, त्यांच्याकडे मोठी रॉकेटं तयार आहेत. पण माणसाला चंद्रावर उतरवायचं तर त्यांच्याही आजच्या रॉकेटपेक्षा दहापट ताकदीचं रॉकेट लागेल. ते आपल्याकडे नाही, आणि बहुधा त्यांच्याकडेही नाही. म्हणजे उद्दिष्ट इतकं लांब नेऊन ठेवायचं की तिथून पाहताना दोन्ही स्पर्धक एकाच रेषेवर उभे दिसावेत. चंद्राची निवड अशी हिशेबातून झाली होती. आज आपण कुठे उभे आहोत याचा रोखठोक अंदाज त्या स्वप्नाच्या आधी मांडला गेला होता.

केनेडींचं ते वाक्यही बारकाईनं पाहावं. कोण जाणार, कुठे, कधीपर्यंत, आणि काम पुरं झालं असं केव्हा म्हणायचं, हे सगळं त्यात आहे. ‘सुखरूप परत’ हे दोन शब्द नसते तर काम निम्म्यानंही कमी झालं असतं. परतीचं इंधन, परतीचं यान, पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारी उष्णतारोधक ढाल, या सगळ्याचं ओझं त्या दोन शब्दांनी आणलं. आणि पुढचा सगळ्यात मोठा वाद त्याच ओझ्यावरून पेटला.

सरळ मार्ग असा, की एक अवाढव्य रॉकेट बांधायचं आणि संपूर्ण यान चंद्रावर उतरवून तिथून परत उडवायचं. पण मग परतीसाठी लागणारी प्रत्येक वस्तू आधी चंद्रावर उतरवावी लागते आणि पुन्हा वर उचलावी लागते. दुसरा मार्ग, पृथ्वीभोवतीच यानाचे भाग जोडायचे. फॉन ब्राउन सुरुवातीला याच बाजूचे होते. ‘नासा’च्या लँग्ली केंद्रातले अभियंते जॉन हूबोल्ट तिसऱ्याच मार्गाचा आग्रह धरून बसले. परतीचं यान चंद्राभोवती घिरट्या घालत ठेवायचं, खाली फक्त एक हलकं वाहन उतरवायचं, आणि त्यातून वर येऊन मूळ यानाशी जोडून घ्यायचं. बरेच जण त्यांना हसले. नोव्हेंबर १९६१ मध्ये हूबोल्ट यांनी अधिकाराच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून ‘नासा’तले वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट सीमन्स यांना थेट पत्र लिहिलं. अशा पत्रानं नोकरी धोक्यात येऊ शकते हे त्यांना कळत होतं. पुढच्या वर्षी ७ जूनला खुद्द फॉन ब्राउन यांनी आपला मार्ग सोडून हूबोल्टच्या मार्गाला पाठिंबा दिला, आणि ११ जुलै १९६२ रोजी तो निर्णय जाहीर झाला. स्वतःच्या केंद्राला मोठं काम मिळवून देणारी योजना बाजूला ठेवून दुसऱ्याचा हिशेब मान्य करणं, ही फॉन ब्राउन यांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे असं मी मानतो.

या मार्गामुळे रॉकेट आवाक्यात आलं. पण त्याबरोबर एक भयंकर अट आली. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर दोन यानांनी एकमेकांना शोधून काढून जुळलं पाहिजे. चुकलं तर दोन माणसं तिथेच राहणार. आणि तोवर पृथ्वीभोवतीसुद्धा असं जुळणं कुणी करून दाखवलं नव्हतं!

आता वजाबाकी करून पाहा. चंद्रावर जाऊन यायचं म्हणजे आठ-दहा दिवस अवकाशात राहायचं. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पाच तासांसाठी गेला, तेव्हा वजनरहित अवस्थेत माणसाला घास गिळता येईल का, डोळ्यांचा आकार बदलून नजर अंधूक होईल का, असे प्रश्न डॉक्टरांना पडलेले होते. यानाबाहेर पडून काम करता येतं का, माहीत नाही. कक्षा हवी तशी बदलता येते का? शेपर्ड आणि ग्लेन ज्यातून गेले त्या मर्क्युरी यानात ती सोयच नव्हती. ते दिशा वळवू शकायचं, मार्ग नाही. दिवसचे दिवस पुरेल अशी वीज कुठून आणायची? बॅटऱ्या फार जड. या उणिवांची यादी हाच जेमिनीचा आराखडा झाला. ७ डिसेंबर १९६१ रोजी योजना जाहीर झाली आणि जानेवारी १९६२ मध्ये तिला जेमिनी, म्हणजे मिथुन, हे नाव मिळालं, कारण यानात माणसं दोन होती.

त्याच काळात सोव्हिएत बाजूला काय घडत होतं ते पाहिलं की फरक लख्ख दिसतो. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी एका यानातून तीन अंतराळवीर पाठवले. जगानं तोंडात बोट घातलं. प्रत्यक्षात ते एका माणसासाठीच्या जुन्या यानाचं रूप बदलून केलेलं काम होतं. जागा पुरावी म्हणून तिघांनीही अवकाशपोशाख घातले नव्हते. पाच महिन्यांनी, मार्च १९६५ मध्ये, अलेक्सेई लिओनोव्ह जगात पहिल्यांदा यानाबाहेर पडला. त्याचं धैर्य अफाट होतं. फुगलेल्या पोशाखातली हवा कमी करून त्याला कसंबसं आत यावं लागलं. पण त्यानंतर एप्रिल १९६७ पर्यंत एकही सोव्हिएत अंतराळवीर अवकाशात गेला नाही. जेमिनीची दहाही उड्डाणं याच पोकळीत झाली.

पहिलं, जेमिनी ३, मार्च १९६५ मध्ये गेलं आणि माणसं असलेल्या यानानं प्रथमच आपली कक्षा बदलली. मग जूनमध्ये जेमिनी ४, आणि तिथे निसर्गानं एक अद्भुत धडा दिला.

रॉकेटचा रिकामा झालेला दुसरा टप्पा यानाजवळच तरंगत होता. जेम्स मॅक्डिव्हिटनं ठरवलं, त्याच्याजवळ जाऊन पाहू. त्यानं यानाचं नाक लक्ष्याकडे धरलं आणि इंजिन पेटवलं. विमानात असं केलं की अंतर कमी होतं. इथे लक्ष्य दूर जायला लागलं! पुन्हा जोर लावला, ते आणखी निसटलं. जवळजवळ निम्मं इंधन खर्च झाल्यावर नाद सोडावा लागला.

झालं होतं ते असं. पृथ्वीभोवती प्रत्येक उंचीवर फिरण्याचा एक ठरलेला वेग असतो. पुढे जायला म्हणून जोर लावला की ती ऊर्जा यानाला वरच्या, मोठ्या कक्षेत नेते. मोठ्या कक्षेत वाट लांब आणि सरासरी चाल मंद. म्हणून तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं असेल तर आधी ब्रेक लावायचा. यान खालच्या, लहान कक्षेत उतरतं, आणि गोल धावपट्टीच्या आतल्या मार्गिकेतल्या धावपटूसारखं कमी अंतर कापत पुढे सरकतं. शिवाय तिथे त्याची चालही वाढलेली असते. मग योग्य क्षणी पुन्हा वर चढायचं. वेग वाढवायला वेग कमी करायचा! केप्लर आणि न्यूटन यांच्या गणितात हे तीनशे वर्षं लिहिलेलं होतं. बझ ऑल्ड्रिन या अंतराळवीरानं तर एमआयटीत १९६३ साली याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली होती. पण कागदावरचं गणित वैमानिकाच्या हातात उतरायला ते निम्मं इंधन जळावं लागलं.

सहा महिन्यांनी त्याच गणितानं चमत्कार घडवला. जेमिनी ६ ला एजिना नावाच्या मानवरहित लक्ष्याशी भेट घ्यायची होती, पण ऑक्टोबरमध्ये ते लक्ष्यच उड्डाणानंतर फुटलं. मग कुणीतरी सुचवलं, चौदा दिवसांच्या मुक्कामाला जाणारं जेमिनी ७ हेच लक्ष्य म्हणून वापरू. एकाच प्रक्षेपणतळावरून अकरा दिवसांच्या अंतरानं दोन्ही यानं उडाली. मधे १२ डिसेंबरला जेमिनी ६ चं इंजिन पेटून सेकंदाभरातच बंद पडलं. अशा वेळी आसनासकट बाहेर फेकून घेणारी कडी ओढायची मुभा वॉली शिराकडे होती. रॉकेट जमिनीवरून हललेलं नाही हे त्याला शरीरानं जाणवलं आणि त्यानं कडी ओढली नाही. कडी ओढली असती तर यान त्या दिवशीच बाद झालं असतं. तीन दिवसांनी तो आणि टॉम स्टॅफर्ड वर गेले आणि काही तासांतच जेमिनी ७ जवळ पोचले, अगदी ३० सेंटिमीटरपर्यंत. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगानं धावणारी दोन यानं, आणि मधे वीतभर नव्हे, फार तर हातभर अंतर!

जेमिनी ७ मधले फ्रँक बोरमन आणि जेम्स लव्हेल चौदा दिवस राहून ठणठणीत परतले. चार दिवस, मग आठ, मग चौदा, अशी ही चढण रचलेली होती. आठ दिवसांच्या उड्डाणात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज आणि पाणी दोन्ही देणारे इंधनघट अंतराळात माणसांसोबत पहिल्यांदा वापरले गेले. पुढे चंद्रावर जाणाऱ्या यानाची वीजही त्याच तंत्रातून आली.

मार्च १९६६ मध्ये जेमिनी ८ मधून नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी एजिनाशी यान प्रत्यक्ष जोडलं. अवकाशातली ही पहिली जोडणी. अर्ध्या तासानं यान गिरक्या घेऊ लागलं, कारण एक छोटं इंजिन बंदच होत नव्हतं. गिरकीचा वेग सेकंदाला एक फेरीपर्यंत गेला, शुद्ध हरपायची वेळ आली, आणि आर्मस्ट्राँगनं परतीसाठी राखून ठेवलेली वेगळी इंजिनं वापरून यान सावरलं. मोहीम तिथेच थांबवून ते पॅसिफिकमध्ये उतरले.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती यानाबाहेर काम करण्याची गोष्ट. जेमिनी ४ मध्ये एड व्हाइट वीसेक मिनिटं बाहेर तरंगला. त्याला ते इतकं आवडलं की आत यायला तो तयार होईना. सगळ्यांनी मनात नोंद केली, हे जमतंय. यादीतल्या त्या ओळीवर खूण पडली.

वर्षभरानं, जून १९६६ मध्ये, जीन सर्नान जेमिनी ९ मधून बाहेर पडला. त्याला यानाच्या मागच्या बाजूला जाऊन तिथे ठेवलेलं उडण्याचं एक यंत्र पाठीवर चढवायचं होतं. व्हाइट नुसता तरंगला होता. सर्नानला काम करायचं होतं. तो झडप फिरवायला गेला की झडपेऐवजी तोच फिरायचा. क्रिया तितकीच प्रतिक्रिया, हा शाळेत शिकलेला नियम पाय टेकायला जमीन नसली की असा समोर येतो. दाबानं ताठ झालेला पोशाख वाकवण्यातच ताकद जात होती. हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या घरात गेले, घामाच्या वाफेनं काच धुकटली, त्याला दिसेनासं झालं. दोन तासांनी काम अर्धवट टाकून तो कसाबसा परत आला. सप्टेंबरमध्ये जेमिनी ११ वर रिचर्ड गॉर्डनचीही तीच गत झाली. घाम डोळ्यांत उतरला आणि त्याला अर्ध्या तासात आत बोलवावं लागलं.

चूक कुठे होती? सराव होत होता तो गोता मारणाऱ्या विमानात. तिथे वजनरहित अवस्था एका वेळी पंचवीस-तीस सेकंद टिकते. मधे विश्रांती मिळते, पुन्हा पंचवीस सेकंद. तुकड्यातुकड्यांनी सगळं जमायचं. सलग दोन तास काय होतं, हे कुणाला कळणार? व्हाइटच्या सहज यशानं आपली खरी स्थिती उलट झाकून ठेवली होती.

जेमिनी १२ हे शेवटचं उड्डाण होतं. ऑल्ड्रिनसाठी पाठीवरच्या त्या यंत्राचा बेत रद्द झाला. त्याऐवजी बोल्ट फिरवणं, जोडण्या लावणं-काढणं अशी साधी कामं ठरली. यानाला बाहेरून पकडायला दांडे, पाय अडकवायला खाचा आणि कमरेचे पट्टे लावले गेले. आणि सराव झाला बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात! पोशाखाला अशी वजनं लावायची की माणूस तळाशीही जाणार नाही आणि वरही येणार नाही, मग पाण्यात सलग, संथपणे, पूर्ण वेळेचं काम करून पाहायचं. नोव्हेंबर १९६६ मध्ये ऑल्ड्रिननं तीन वेळा मिळून साडेपाच तास यानाच्या दाराबाहेर काम केलं. त्याला धाप लागली नाही. आजही अंतराळवीर ह्यूस्टनच्या बारा मीटर खोल तलावात हाच सराव करतात.

सहज यशानं झाकलेली दुसरी गोष्ट मात्र फार महागात पडली. यानात शुद्ध ऑक्सिजन भरून जमिनीवर चाचण्या घेण्याची पद्धत मर्क्युरी आणि जेमिनीत वर्षानुवर्षं निर्धोक चालली होती. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो या चांद्रयोजनेच्या, माणसं नेणाऱ्या पहिल्या यानात तशाच चाचणीच्या वेळी आग लागली. गस ग्रिसम, रॉजर चॅफी आणि तोच हसरा एड व्हाइट, तिघंही काही क्षणांत गेले. जे कधी बिघडलं नाही ते तपासायला हवं, ही ओळ यादीत कुणी लिहिलेली नव्हती.

यानाची नव्यानं रचना झाली. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ निघालं तेव्हा त्यातले तिघंही जेमिनीत शिकून आलेले होते: आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, आणि जेमिनी १० चा मायकेल कॉलिन्स. २१ जुलैला चंद्रावरून उडालेलं ‘ईगल’ हे हलकं वाहन पावणेचार तासांत कॉलिन्सच्या यानाशी जोडलं गेलं, हूबोल्टनं सांगितलं होतं तसंच. २४ जुलैला ते पॅसिफिकमध्ये उतरले. दशक संपायला पाच महिने शिल्लक होते.

हे सगळं आज आठवण्याचं कारण आपल्या घरचं आहे. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा, असं उद्दिष्ट भारतानं जाहीर केलं आहे. त्याच्या जोडीला ‘इस्रो’च्या बातम्या लावून पाहा. जुलै २०१८ मध्ये संकटकाळी अंतराळवीरांची कुपी तळावरूनच दूर उडवून वाचवण्याची चाचणी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच सुटका उड्डाण चालू असताना करून पाहिली. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं प्रत्येकी सुमारे २२० किलोचे ‘स्पेडेक्स’चे दोन छोटे उपग्रह नेले. जोडणीची वेळ दोनदा पुढे ढकलावी लागली, एकदा ते तीन मीटरपर्यंत जवळ आणून माहिती तपासण्यासाठी परत लांब नेले, आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते जुळले. सोव्हिएत संघ, अमेरिका आणि चीननंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला. चंद्रावरची माती आणायला जाणाऱ्या चांद्रयान-४ ला हीच विद्या लागणार आहे.

अशी बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका स्तंभात येते आणि आपण पान उलटतो. यापुढे तसं करू नका. ही चाचणी यादीतली कोणती उणीव भरून काढते आहे, तेवढं विचारा, आणि घरातल्या मुलांनाही ते शोधायला लावा.